आजोबांच्या मागच्या पिढ्या सरकारी दप्तरात कशा शोधायच्या

मुंबईतल्या बहुतेक मराठी घरांत वंशावळ आजोबांपाशी, फार तर पणजोबांच्या नावापाशी येऊन थांबते. त्यापलीकडे "आपण मूळचे अमुक गावचे" एवढंच उरतं. ही नावं हरवलेली नसतात. तलाठ्याने, कोतवालाने, शाळेच्या गुरुजींनी ती कधीतरी लिहून ठेवलेली असतात आणि तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात लाल कापडाच्या बस्त्यात बांधलेली असतात. शोध फसतो तो कागद नसल्याने कमी आणि अर्धवट पत्ता घेऊन चुकीच्या कचेरीत गेल्याने जास्त. म्हणून दोन गोष्टी पाळा. एका वेळी एकच पिढी मागे जा. आणि गाव, तालुका, जिल्हा पक्का झाल्याशिवाय एसटीचं तिकीट काढू नका.

गाव पक्कं करणं

सुरुवात घरातल्या ट्रंकेपासून. जुनं रेशनकार्ड, भाड्याच्या पावत्या, मनीऑर्डरच्या पोचपावत्या, विमा पॉलिसी, लग्नपत्रिका, आजोबांचं पेन्शन बुक, एखाद्या खटल्याचा कागद. मनीऑर्डरची पोचपावती सगळ्यात कामाची, कारण तिच्यावर "मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा" असा गावचा पूर्ण पत्ता असतो आणि पैसे घेणाऱ्याचं नाव किंवा अंगठाही असतो. लग्नपत्रिकेवर निमंत्रकांची नावं ओळीने छापलेली असतात. तिथून चुलत घराणी कळतात.

आडनावाच्या शेवटी "कर" असलं म्हणून गाव सापडलं असं धरू नका. मुंबईत आल्यावर गावाच्या नावावरून आडनाव लावण्याची रीत होती, पण एकाच नावाची गावं अनेक आहेत. शिरगाव चिपळुणात आहे, रत्नागिरीत आहे आणि देवगडातही आहे. शिवाय गावच्या दप्तरात त्याच माणसाचं नाव भावकीच्या वेगळ्याच आडनावाने असू शकतं, किंवा आडनाव मुळीच नसतं. त्यामुळे वाडीचं नाव आणि ग्रामदैवत दोन्ही विचारून घ्या. एकाच नावाच्या दोन गावांत निवड करायची वेळ आली की हीच माहिती उपयोगी पडते.

यात मुंबईकरांना एक मोठी सोय आहे. कोकणातल्या आणि घाटावरच्या शेकडो गावांची ग्रामस्थ मंडळं मुंबईत आहेत. लालबाग, परळ, वरळी, भायखळा भागात त्यांच्या सामायिक खोल्या होत्या, काही अजून आहेत. मंडळाच्या वर्गणीच्या वहीत वाडीवार, घरवार नावं असतात. हे सरकारी दप्तर नाही, पण गावात कोणत्या घराशी तुमचा संबंध आहे ते ही वही एका बैठकीत सांगते.

गाव कळलं तरी जिल्हा बदललेला असू शकतो. सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला, म्हणून मालवण-वेंगुर्ल्याचे जुने कागद "जिल्हा रत्नागिरी" म्हणतात. रायगड त्याच वर्षापर्यंत कुलाबा होता. पालघर १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाण्यात होता. आजचा सांगली जिल्हा १९४९ ते १९६० दक्षिण सातारा होता. सावंतवाडी, जंजिरा, कोल्हापूर ही संस्थानं होती. तिथलं १९४८-४९ च्या आधीचं दप्तर संस्थानी पद्धतीचं आहे आणि बऱ्याचदा वेगळ्या ठिकाणी ठेवलेलं आहे.

मुंबईत मिळणारे कागद

जन्म-मृत्यूची नोंद घटना घडली त्या ठिकाणी होते, राहत्या पत्त्यावर नाही. हे लक्षात न घेतल्याने निम्मे अर्ज परत येतात. घर वरळीला असलं तरी बाळंतपण केईएम किंवा परळच्या वाडिया प्रसूतिगृहात झालं असेल, तर नोंद एफ दक्षिण विभाग कार्यालयात. नायर रुग्णालय असेल तर ई विभाग, शीव रुग्णालय असेल तर एफ उत्तर. आजी-आजोबांचा मृत्यू कोणत्या रुग्णालयात झाला ते घरच्यांना आठवत असतं. तिथून विभाग ठरवा आणि त्याच विभागाच्या नागरी सुविधा केंद्रात अर्ज द्या. अंत्यसंस्काराची पावती सापडली तर तारीख पक्की मिळते, कारण स्मशानभूमीची नोंदवही त्याच दिवशी भरली जाते.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत शोधात दोन्ही बाजूंनी कामाला येते. घरातल्या थोरल्या मुलाची नोंद मुंबईत सापडत नसेल तर ती त्याच्या आजोळच्या गावच्या वहीत असण्याची शक्यता मोठी. आणि एकदा ती तिथे सापडली की आजीचं माहेरचं गाव आपोआप सिद्ध होतं. पुढे बायकांच्या बाजूची वंशावळ तिथूनच सुरू करायची.

उपनगरांचं वेगळं आहे. मुंबई महापालिकेच्या हद्दीत १९५० मध्ये जवळची उपनगरं आणि १९५७ मध्ये पार दहिसर-मुलुंडपर्यंतचा भाग आला. त्याआधीच्या तिथल्या नोंदी त्या वेळच्या स्थानिक नगरपालिकेच्या किंवा गावाच्या वहीत शोधाव्या लागतात. १९५२ साली दहिसरला जन्मलेल्या माणसाची नोंद महापालिकेच्या मूळ वहीत नसणं यात काहीच नवल नाही.

जुन्या जन्मनोंदीत मुलाचं नाव नसतं. "मुलगा" किंवा "मुलगी", बापाचं नाव, पत्ता, तारीख, एवढंच. म्हणून शोध बापाच्या नावाने मागा आणि अंदाजाच्या वर्षाच्या मागेपुढे दोन-दोन वर्षं पाहायला सांगा. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ मध्ये कोणालाही शोध मागण्याची आणि उतारा घेण्याची सोय आहे. मृत्यूच्या उताऱ्यावर मृत्यूचं कारण मात्र दिलं जात नाही.

शाळेचा दाखला सगळ्यांना माहीत असतो, पण दाखल्यापेक्षा मूळ प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा मागा. तिला जनरल रजिस्टरही म्हणतात. दाखल्यावर रजिस्टर क्रमांक छापलेला असतो, तो दिला की मुख्याध्यापकांच्या कार्यालयात शोधणं सोपं जातं. या वहीतला मोलाचा रकाना म्हणजे "यापूर्वीची शाळा". मुंबईतल्या महापालिका शाळेत चौथीत दाखल झालेल्या मुलापुढे गावच्या शाळेचं नाव लिहिलेलं असतं. मग गावच्या जिल्हा परिषद शाळेत जा. तिथली वही आणखी मागे नेते, आणि त्याच पानांवर मागेपुढे चुलत भावंडंही सापडतात. कारण भावकीतली मुलं एकाच जूनमध्ये नाव घालायला आणलेली असायची. जन्मतारीख १ जून दिसली तर ती गुरुजींनी अंदाजाने घातलेली आहे असं समजा. वर्षही एक-दोन वर्षांनी इकडेतिकडे असतं.

आजोबा पोलिसात, पोर्ट ट्रस्टमध्ये, रेल्वेत किंवा महापालिकेत असतील तर सेवापुस्तकाची चौकशी करा. पहिल्याच पानावर वडिलांचं नाव, मूळ राहण्याचं ठिकाण, जन्मतारीख, उंची, अंगावरच्या खुणा आणि डाव्या हाताच्या बोटांचे ठसे असतात. ज्या माणसाचा एकही फोटो नाही त्याची उंची आणि कपाळावरचा व्रण त्या पानावर मिळतो. आत नामनिर्देशनाचा कागद असतो, त्यात बायको-मुलांची नावं वयासकट.

गिरणी कामगाराच्या घरात तिकीट नंबर, खातं (साचा, त्रासन, रिंग), हजेरीचा पास, भविष्य निर्वाह निधीची चिठ्ठी, राज्य कामगार विम्याचं कार्ड शोधा. विम्याच्या कार्डावर कुटुंबातल्या माणसांची यादी असते. १ जानेवारी १९८२ ला कामावर असलेल्यांच्या किंवा त्यांच्या वारसांच्या वतीने म्हाडाच्या घरासाठी अर्ज केला असेल, तर त्या अर्जाची फाईल म्हणजे तयार पुराव्यांचा गठ्ठाच. बीडीडी किंवा बीआयटी चाळीत खोली असेल तर भाडेकरू बदलल्याचे कागद पाहा. खोली बापाच्या नावावरून मुलाच्या नावावर होताना मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती जोडलेली असते. बीआयटी चाळींचा कारभार महापालिकेकडे आहे, बीडीडी चाळी तेव्हाच्या मुंबई सरकारने बांधल्या. अर्ज त्याप्रमाणे करा.

आणखी एक चौकशी आधीच करून टाका: भावकीत कोणी जातपडताळणी केली आहे का? केली असेल तर त्या घरात प्रतिज्ञापत्रावरची वंशावळ, दोन-तीन पिढ्यांचे दाखले आणि बऱ्याचदा मोडी कागदाचं लिप्यंतर तयार असतं. एका फोनने वर्षाचं काम वाचतं.

सातबाऱ्यावरून मागे जाणं

गावात जमिनीचा तुकडा असेल, अगदी सामायिकात दोन गुंठे का असेना, तर पिढ्यांचा कणा तिथेच मिळतो. माणसांची नावं बदलतात, पुन्हा पुन्हा तीच येतात. जमिनीचा नंबर मात्र साक्षीला उभा असतो.

आजचा संगणकीकृत सातबारा घरबसल्या मिळतो. डिजिटल सहीची प्रत १५ रुपयांत निघते. पण त्यावर बहुतेक हयात माणसंच असतात. आपल्याला हवेत ते हस्तलिखित सातबारे. सातबाऱ्याचं साधारण दहा वर्षांनी पुनर्लेखन होई, म्हणून "सर्वे नंबर अमुक, सन १९५० पासून संगणकीकरणापर्यंतचे सर्व हस्तलिखित सातबारा उतारे" असा अर्ज द्या. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन महाभूमीच्या "आपले अभिलेख" या संकेतस्थळावर आहेत. आधी तिथे गाव निवडून पाहा. बाकीचं तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात आणि गावच्या तलाठी सजात. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.

हस्तलिखित सातबारा हातात आला की नावांकडे नीट पाहा. ज्याचा हक्क संपला त्याचं नाव खोडत नसत, कंसात टाकत. त्याच्याखाली नवं नाव, आणि बाजूला वर्तुळात एक आकडा. तो आकडा म्हणजे फेरफार क्रमांक. फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद. हा गाव नमुना सहा या वहीतल्या नोंदीचा क्रमांक आहे. त्या जमिनीच्या सगळ्या सातबाऱ्यांवरचे वर्तुळातले आकडे एका कागदावर उतरवा, मोठ्यापासून लहानाकडे लावा, आणि प्रत्येकाची नक्कल मागा. खरेदी, गहाण, बोजा यांचे फेरफार सोडू नका, पण पिढी बदलते ती "वारस" फेरफारात.

फेरफाराला चार रकाने असतात: नोंदीचा क्रमांक, मिळालेल्या हक्काचं स्वरूप, परिणाम झालेले सर्वे नंबर आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याची सही-शेरा. सगळा जीव दुसऱ्या रकान्यात. समजण्यासाठी एक नमुना घेऊ. समजा, १९२६ च्या एप्रिलमधली नोंद अशी आहे:

"खातेदार रामा बिन गणू हा सुमारे ३ वर्षांपूर्वी मयत. वारस १) मुलगा गणू वय २२, २) मुलगा धोंडू वय १४ अ.पा.क. आई, ३) विधवा बायको यमुना. थोरला मुलगा गणू याचे नाव ए.कु.मॅ. दाखल."

या चार ओळींत काय काय आहे ते बघा. "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा, म्हणजे एकाच नोंदीत तीन पिढ्या आल्या: म्हातारा गणू, त्याचा रामा, रामाचे गणू आणि धोंडू. रामा १९२३ च्या सुमारास गेला. धाकटा गणू १९०४ च्या आसपासचा, धोंडू १९१२ च्या. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे वयात न आलेल्या मुलाचा पालक, इथे त्याची आई. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. आणि गोम इथेच आहे. पुढच्या सातबाऱ्यांवर एकट्या गणूचं नाव येईल, धोंडू दिसणारच नाही. फक्त सातबारा पाहणारा माणूस धोंडूची सगळी शाखा वंशावळीतून गाळून टाकतो. मुंबईत गिरणीत गेलेला भाऊ बहुधा धोंडूच असतो आणि घरातली भांडणंही पुढे इथूनच निघतात. म्हणून जिथे जिथे ए.कु.मॅ. किंवा ए.कु.क. (एकत्र कुटुंब कर्ता) दिसेल तिथे मूळ वारस फेरफार काढलाच पाहिजे.

दुसरी चूक आजोबाचं नाव नातवाला ठेवण्याच्या चालीमुळे होते. गणू-रामा-गणू-रामा अशी साखळी असली की दोन वेगळे गणू एकच समजले जातात आणि मधल्या दोन पिढ्या गळतात. प्रत्येक नावापुढे बापाचं नाव आणि अंदाजाचं जन्मवर्ष लिहा, नुसतं नाव कधी लिहू नका. एकाच काळात गावात दोन रामा बिन गणू असले तर सर्वे नंबरावरून वेगळे करा.

तिसरी चूक तारखेची. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. कर्ज काढायचं झालं किंवा जमीन विकायची वेळ आली की वारसनोंद व्हायची, तोवर वीस-वीस वर्षं मयताचं नाव तसंच राहायचं. कधी दोन पिढ्यांचे मृत्यू एकाच फेरफारात लिहिलेले सापडतात.

बायका आणि लेकी कागदात कुठे असतात? जुन्या नोंदीत बायकोचं नाव "यमुना कोम रामा" किंवा "यमुना भ्र. रामा" असं येतं. कोम आणि भ्रतार दोन्ही नवऱ्याचं नाव सांगतात. मुली १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा येईपर्यंत वारस म्हणून सहसा लिहिल्याच जात नसत. त्यानंतरच्या फेरफारांत त्या येतात. आणि लगेच मागोमाग बहिणींनी भावांच्या नावे हक्कसोडपत्र केल्याचा फेरफार येतो. बहिणींचा हक्क सुटला ही वेगळी गोष्ट, पण वंशावळीसाठी हक्कसोडपत्रासारखा कागद नाही. त्यात प्रत्येक बहिणीचं सासरचं पूर्ण नाव, वय आणि सासरचं गाव असतं. फेरफारात दस्ताचा क्रमांक आणि दुय्यम निबंधकाचं कार्यालय दिलेलं असतं, तिथून मूळ दस्ताची नक्कल काढता येते. नोंदणी कायदा १९०८ प्रमाणे स्थावर मिळकतीच्या पुस्तक क्रमांक १ ची पाहणी कोणीही फी भरून करू शकतो. मृत्युपत्रांच्या पुस्तक क्रमांक ३ ला तशी मोकळीक नाही.

साखळी तुटते ती मुख्यतः दोन ठिकाणी. पहिलं, एकत्रीकरण, म्हणजे विखुरलेल्या तुकड्यांचे सलग गट करणं. १९४७ च्या कायद्याखाली जिथे योजना झाली तिथे सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले. तुमच्याकडचा गट नंबर जुन्या वहीत सापडणारच नाही. त्यासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयातून जुना सर्वे नंबर आणि नवा गट नंबर यांचं जुळवणीचं पत्रक मागा. दुसरं, कूळकायदा. कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत होतं, पण १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कलम ३२ ग ची चौकशी होऊन मालक झालं, तर त्याआधी सातबाऱ्यावर मालक म्हणून दुसऱ्याचंच नाव असणार. निराश होऊन परत फिरू नका. त्याच सातबाऱ्याच्या इतर हक्कात आणि पीकपाहणीच्या रकान्यात कूळ म्हणून आपलं नाव शोधा. कोकणात खोती गाव असेल तर हे हमखास होतं. तिथे खोती १९४९ च्या कायद्याने संपली, त्याआधीच्या नोंदी खोताच्या नावाखाली कुळांच्या यादीत आहेत.

मराठवाड्याचं मूळ असेल तर १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक हा पहिला टप्पा. त्यामागचं निजामाच्या काळातलं दप्तर उर्दूत असतं.

जमीन नसेल तर

जमीन नसलेल्या घराचा माग गाव नमुना चौदामध्ये काढा. ही गावची जन्म-मृत्यूची वही, बोलीत "कोतवाल बुक". कोतवाल आणि पोलीस पाटील ती भरत आणि दरमहा तालुक्याला पाठवत. जुनी पानं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. पानं महिनावार लावलेली असतात, गाववार अनुक्रमणिका नसते. म्हणून वर्ष आणि महिना जितका नेमका सांगाल तितकं काम लवकर होतं. महिना माहीत नसेल तर सणावरून विचारा: "गणपतीनंतर गेले", "शिमग्याला झाला". १९१८ च्या शेवटच्या महिन्यांची पानं जरूर पाहा. इन्फ्लुएंझाच्या साथीत एकाच घरातली दोन-तीन माणसं एका पानावर सापडतात, आणि घरात "आजी लहानपणीच पोरकी झाली" एवढंच माहीत असलेल्या वाक्याचा अर्थ तिथे लागतो.

कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यावर याच वह्या मोठ्या प्रमाणावर उघडल्या आणि स्कॅन झाल्या. बऱ्याच जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर सापडलेल्या नोंदी गाववार ठेवल्या आहेत. तहसीलला जाण्याआधी त्या चाळून घ्या.

घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टीची आकारणी वही, बापाकडून मुलाकडे घर गेल्याचं दाखवते. महार वतन किंवा इतर गावकीचं वतन असलेल्या घरांची नावं वतनाच्या कागदांत पाळीसकट असतात. ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन नोंदवह्या हाच मुख्य आधार. वांद्रे-वसईकडच्या घराण्यांना तर सरकारी कचेरीच्या आधी चर्चमध्ये जावं. मुस्लिम कुटुंबांनी काझींकडची निकाहाची नोंद आणि कब्रस्तानाची वही पाहावी.

नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळ्याही विसरू नका. तिथे गाव, आडनाव आणि जात सांगितली की तुमच्या भागाचे उपाध्याय कोण ते कळतं. घरातला कोणी अस्थी घेऊन किंवा सिंहस्थात गेला असेल तर त्याने स्वतः सांगितलेली बाप-आजा-भाऊ-मुलांची नावं तिथे लिहिलेली असतात. दिलेली दक्षिणा आणि मिळालेली माहिती यांचा संबंध जोडू नका. वही स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि तेवढंच खरं धरा.

मोडी आणि सनांचा हिशेब

१९५० च्या आधीचा गावचा कागद मोडीत असण्याची तयारी ठेवा. मोडीत शिरोरेघ आधी ओढून खाली अक्षरं लटकवलेली असतात, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. पूर्ण लिपी शिकायला सहा महिने द्यावे लागतील. पण आपल्या घराण्याची पाच-सहा नावं, गावाचं नाव, "बिन", "मयत", "वारस" एवढे शब्द ओळखायला दोन आठवडे पुरतात, आणि पानं चाळण्यासाठी तेवढं बस आहे. नेमकं पान सापडलं की लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्या. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं. कोर्टात किंवा पडताळणीत लागणार असेल तर लिप्यंतर करणारा अधिकृत आहे का ते आधी विचारा.

साल लिहिण्याच्या पद्धती तीन. शक सालात ७८ मिळवा, जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखांना ७९. फसली सालात ५९०, आणि वर्ष मृगापासून (जूनच्या सुरुवातीपासून) मृगापर्यंत असल्याने जानेवारीपासून ५९१. फसली १३३६ म्हणजे १९२६-२७. सगळ्यात जुन्या कागदांत शुहूर सन येतो, तोही अरबी शब्दांत. "सबा अशरीन मयातैन व अलफ" हे आधी सात, वीस, दोनशे, हजार असं वाचायचं, म्हणजे १२२७. त्यात ५९९ मिळवले की १८२६, जानेवारीपासून ६००. पेशवाईतला कागद म्हणून कोणी काहीतरी दाखवलं तर सन काढून पाहणं ही पहिली परीक्षा.

कचेरीत अर्ज करताना

अर्ज नेहमी कागदाचा मागा, उत्तराचा नको. "माझ्या पूर्वजांची माहिती मिळावी" असा अर्ज बरोब्बर परत येतो. त्याऐवजी लिहा: "मौजे अमुक, तालुका अमुक येथील गाव नमुना ६ मधील फेरफार क्रमांक ४१२, ६७८ व ९०३ यांच्या प्रमाणित नकला." एका अर्जात एकच गाव आणि एकाच प्रकारची वही ठेवा. वेगवेगळे नमुने वेगवेगळ्या कारकुनाकडे असतात आणि मिश्र अर्ज दोघांच्या मधे अडकतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

नकलेच्या अर्जाला महिनाभर हालचाल नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तिथेही नेमका दस्तऐवज मागा, आणि "अभिलेख उपलब्ध नाही" असं उत्तर आलं तर तो नष्ट झाला, दुसऱ्या कार्यालयात वर्ग झाला की सापडत नाही, हे लेखी मागा. तीनही गोष्टी वेगळ्या आहेत. वर्ग झाला असेल तर पुढचा पत्ता मिळतो. जीर्ण झाला म्हणून देत नसतील तर स्वतः पाहणी करू देण्याची विनंती करा.

मार्चअखेर, निवडणुकीची आचारसंहिता आणि अतिवृष्टीच्या पंचनाम्यांचे दिवस टाळा. तहसीलला आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी पोचा आणि मुक्कामाची तयारी ठेवा. एका दिवसात अर्ज, फी, शोध आणि नक्कल होत नाही. बाहेर "लगेच काढून देतो" म्हणणाऱ्यांकडून नक्कल घेऊ नका. नव्या शाईने जुन्या पानात घुसवलेली नावं पडताळणीत उघडी पडतात आणि मग खऱ्या नोंदींवरचाही विश्वास जातो.

पुराभिलेखागार कधी

फोर्टात काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. ओळखपत्र आणि कशाचा शोध घेत आहात ते लिहिलेला अर्ज लागतो. पण सर्वसामान्य कुटुंबाची नावं तिथे पहिल्याच दिवशी सापडतील अशी अपेक्षा ठेवू नका. तिथलं दप्तर खातेवार आहे, घराणेवार नाही. पूर्वज इनामदार, वतनदार, देशमुख, सरकारी नोकर असतील, किंवा एखाद्या खटल्यात, दंग्यात, अर्जात त्यांचं नाव आलं असेल, तर इथे येण्याला अर्थ आहे. इनाम आणि वतनाचे जुने कागद पुण्याच्या पुरालेखागारात, पेशवे दफ्तरात. तिथे जाताना परगणा, तर्फ आणि मौजे ही जुनी नावं काढून न्या. तालुक्याच्या आजच्या नावाने रुमाल, म्हणजे कागदांचा गठ्ठा, सापडत नाही.

आडनाव मध्येच बदललं असेल तर चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयातून राजपत्राची प्रत काढा. नावबदलाच्या जाहिरातीत जुनं आणि नवं नाव शेजारी शेजारी छापलेलं असतं, आणि पुढच्या प्रत्येक कचेरीत तो कागद दोन आडनावांमधला पूल म्हणून दाखवता येतो.

सापडलेलं जपणं

प्रत्येक नोंदीसाठी वहीचं एक पान ठेवा. वर कार्यालय, वहीचं नाव, गाव, साल, पान, नोंद क्रमांक आणि पाहिल्याची तारीख. खाली मजकूर जसाच्या तसा, चुकांसकट. आपला अर्थ त्याखाली वेगळ्या शाईने. दप्तरात "धोंडु" असेल तर "धोंडू" करू नका, पुढच्या कचेरीत अनुक्रमणिका त्याच अक्षरावर लागलेली असते. जिथे काही सापडलं नाही तेही लिहा: "१९१० ते १९१५, नमुना १४, पाहिलं, नाही." नाहीतर तीन वर्षांनी घरातलाच दुसरा कोणी त्याच बस्त्याची धूळ पुन्हा झटकतो.

मूळ जुना कागद लॅमिनेट करू नका. उष्णतेने शाई उतरते, आणि प्लास्टिक चिकटलं की कागद पुन्हा सुटा करता येत नाही. पाठपोट दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कारण शेरे आणि शिक्के बहुधा मागे असतात. कागद घडी न घालता सुती कापडात गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात भिंतीला टेकून ठेवलेला गठ्ठा एका मोसमात बुरशी धरतो.

घरातली वयस्कर माणसं हयात असतील तर फेरफाराची नक्कल त्यांना वाचून दाखवा, आधी नुसतं विचारू नका. "पणजोबांचं नाव काय?" याला उत्तर येत नाही. पण "धोंडू, वय १४" असं मोठ्याने वाचलं की आत्या म्हणते, "हा तर बंदरावर होता, त्याला आम्ही धोंडूतात्या म्हणायचो." त्याच वेळी त्या पानाखाली ते तारखेसकट लिहून घ्या.